टेक्ससमध्ये राहताय? काउंटीत कोण कोण निवडून येतं आणि कुठल्या कामाला कुणाचं दार ठोठवायचं

घर घेतलं त्या वर्षी पहिल्याच मोठ्या पावसात घरासमोरचा नाला तुंबला आणि पाणी गॅरेजच्या दारापर्यंत आलं. पत्ता लिहिताना आम्ही केटी हे सिटीचं नाव लिहितो म्हणून मी सिटीला फोन केला, तिथली बाई शांतपणे म्हणाली की तुमचं घर सिटीच्या हद्दीतच नाही, काउंटीला विचारा. काउंटीच्या एका ऑफिसने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, शेवटी अकरा दिवसांनी कळलं की हे काम आमच्या प्रिसिंक्टच्या, म्हणजे काउंटीतल्या आमच्या विभागाच्या, कमिशनरचं. त्याच्या ऑफिसला फोन केला आणि चार दिवसांत माणसं येऊन नाला साफ करून गेली. म्हणजे काम चार दिवसांचंच होतं, अकरा दिवस गेले ते योग्य माणूस शोधण्यात. तेव्हापासून नवीन घर घेतलेला कुणीही मराठी माणूस भेटला की मी त्याला हे सगळं तोंडी सांगतो, आता एकदा लिहूनच काढतो. मी ह्यूस्टनच्या बाजूला राहतो त्यामुळे उदाहरणं इकडची येतील, पण नियम सगळे टेक्ससचे आहेत. दुसऱ्या राज्यात काउंटीची रचना वेगळी असते, तिकडे हे जसंच्या तसं लावू नका.

आधी डोक्यातला कलेक्टर बाजूला ठेवा

आपला सगळ्यांचा घोळ इथेच होतो. आपल्याकडे जिल्हा म्हटलं की जिल्हाधिकारी, महसूल, निवडणूक, पूर, दुष्काळ सगळं त्यांच्याच टेबलावर आणि त्यांच्या हाताखाली प्रांत, तहसीलदार, तलाठी अशी उतरंड. वर अर्ज दिला की तो खाली सरकतो. टेक्ससमध्ये हीच कामं आठ-दहा जणांत वाटलेली आहेत आणि ते सगळे वेगवेगळे निवडून येतात, कुणी कुणाचा साहेब नाही. काउंटी जज शेरीफला हुकूम देऊ शकत नाही, शेरीफ क्लार्कला नाही. राज्याची घटना १८७६ ची, सिव्हिल वॉरनंतरच्या दिवसांत सगळी सत्ता एका हाती गेल्याचा राग लोकांच्या मनात होता आणि त्यातूनच अशी मुद्दाम विखुरलेली रचना आली. त्यामुळे इथे वरपर्यंत जाण्याला अर्थ नाही, वर कुणी नाहीच, बरोबर दार माहीत असलं पाहिजे.

अशा २५४ काउंट्या आहेत. २०२० च्या जनगणनेत हॅरिस काउंटीत ४७ लाखांवर लोक होते आणि तिकडे पश्चिमेला लव्हिंग काउंटीत फक्त ६४, पण पदांचा साचा दोन्हीकडे जवळपास तोच.

पहिलं काम: आपण नक्की कुठे राहतो ते बघा

पोस्टाच्या पत्त्यावर गावाचं नाव असलं म्हणून तुम्ही त्या गावात राहता असं नाही. आपली खूप मंडळी केटी, सायप्रस, रिचमंड असे पत्ते लिहितात आणि राहतात कुठल्याच सिटीत नसलेल्या भागात, त्याला इथे अनइनकॉर्पोरेटेड म्हणतात. ओळखायला सोपं आहे, प्रॉपर्टी टॅक्सचं बिल काढा आणि कोणकोणत्या संस्था टॅक्स घेतायत ती यादी बघा. काउंटी आणि स्कूल डिस्ट्रिक्ट असणारच, पण सिटीचं नाव नसेल आणि मड म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्टचं असेल तर तुम्ही सिटीबाहेर. मग नळाचं पाणी आणि सांडपाणी मडकडे, रस्ता बहुधा काउंटीकडे, आणि पोलीस म्हणजे शेरीफ नाहीतर कॉन्स्टेबल.

त्याच बैठकीत आणखी एक करून टाका, तुमचा कमिशनर प्रिसिंक्ट कितवा आणि जेपी (छोट्या दाव्यांचा जज) आणि कॉन्स्टेबलचा प्रिसिंक्ट कितवा ते काउंटीच्या साइटवर पत्ता टाकून बघा. हे दोन नंबर वेगळे असू शकतात. फ्रिजवर चिकटवून ठेवा.

घर अजून घ्यायचं असेल तर एक गोष्ट सांगतो जी एजंट सहसा आपणहून सांगत नाही, टेक्ससमध्ये काउंटीला झोनिंगचा सरसकट अधिकार नाही. सिटीबाहेर तुमच्या मागच्या मोकळ्या जमिनीवर उद्या गोडाऊन आलं किंवा ट्रकचा यार्ड आला तर काउंटीकडे थांबवायला फार काही हातात नसतं. काउंटीला राज्याने जेवढे अधिकार दिलेत तेवढेच, सिटीसारखे स्वतःचे नियम ती करू शकत नाही. नवीन प्लॉट पाडणं, सेप्टिक टँक, पूररेषेतलं बांधकाम एवढ्यावर तिची परवानगी लागते. बाकी तुमच्या सबडिव्हिजनच्या एचओएचे, म्हणजे घरमालकांच्या संघाचे, कागद काय म्हणतात ते वाचा.

कमिशनर्स कोर्ट, म्हणजे तिजोरीची किल्ली

नाव कोर्ट आहे पण इथे खटले चालत नाहीत. एक काउंटी जज आणि चार कमिशनर अशी पाच माणसं, चार वर्षांची मुदत. काउंटीचं बजेट हे ठरवतात, काउंटीचा टॅक्स रेट हे ठरवतात, रस्ते, पूल, पार्क, जेलची इमारत, हॉस्पिटल डिस्ट्रिक्टचा टॅक्स, बॉन्ड म्हणजे कर्जरोखे मतदानाला टाकायचे की नाही, सगळं इथे. साधारण आपल्या जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा डोळ्यासमोर आणा, फक्त मेंबर पाचच आणि हातात पैसा खूप.

काउंटी जज हा या पाच जणांत अध्यक्ष असतो, मत त्याचंही एकच. घटनेत त्याच्यासाठी अट एवढीच की त्याला राज्याच्या कायद्याची चांगली माहिती हवी, वकील असायलाच पाहिजे असं नाही. छोट्या काउंटीत तो खरंच केसेस ऐकतो, मोठ्या काउंटीत मात्र पूर्णवेळ कारभारी. हॅरिसच्या लीना हिडाल्गो २०१८ ला निवडून आल्या तेव्हा त्यांचं वय २७ होतं आणि त्या वकील नव्हत्या. त्याच वर्षी शेजारच्या फोर्ट बेंडमध्ये केरळात जन्मलेले के. पी. जॉर्ज काउंटी जज झाले. वादळ, पूर, आग अशा वेळी आपत्ती व्यवस्थापनाची सूत्रं काउंटी जजकडे असतात, कुठला भाग रिकामा करायचा ते तोच जाहीर करतो, म्हणून जून ते नोव्हेंबर हरिकेनच्या दिवसांत त्याच्या ऑफिसचे मेसेज चालू ठेवा.

हे पद किती महत्त्वाचं ते आम्हाला ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी हरिकेनने दाखवलं. नंतर बरोबर एक वर्षाने २५ ऑगस्ट २०१८ ला हॅरिस काउंटीच्या मतदारांनी पूरनियंत्रणासाठी २५० कोटी डॉलरचा बॉन्ड मंजूर केला आणि त्यातला पैसा कुठल्या नाल्याला आधी, कुठल्या वस्तीला नंतर हे पुढे कमिशनर्स कोर्टातच ठरत गेलं. मी तेव्हा एकदाही बैठकीला गेलो नाही आणि त्याची खंत मला आजही आहे.

कमिशनरकडे जायचं ते खड्डा, तुंबलेला नाला, काउंटीच्या रस्त्यावरची स्टॉप साइन, पार्कमधले दिवे, फुटपाथ यासाठी. पण रस्ता हायवे असेल किंवा नावात एफएम (फार्म-टू-मार्केट) असेल तर तो राज्याचा, तिथे टेक्सस डॉटला, म्हणजे राज्याच्या रस्ते खात्याला कळवायचं. तक्रार करताना फोटो, जवळचा क्रॉस स्ट्रीट आणि तारीख द्या आणि रिक्वेस्ट नंबर मागून घ्या, नंबर नसेल तर पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

टॅक्स असेसर-कलेक्टर, नावाने फसू नका

घराची किंमत हे ऑफिस ठरवत नाही. किंमत ठरवते अप्रेझल डिस्ट्रिक्ट, ती काउंटी सरकारचा भाग नाही, वेगळी संस्था आहे. २०२४ पासून ७५,००० किंवा जास्त लोकसंख्येच्या काउंट्यांत तिच्या बोर्डावर तीन जण मतदारांनी निवडलेले असतात, त्याआधी नसायचे. म्हणजे साखळी अशी, किंमत अप्रेझल डिस्ट्रिक्टची, रेट कमिशनर्स कोर्ट आणि स्कूल बोर्ड वगैरेंचा, आणि पैसे गोळा करणार टॅक्स असेसर-कलेक्टर. बिल वाढलं म्हणून त्या खिडकीवरच्या माणसावर आवाज चढवून काही होत नाही, तो रेट ठरवत नाही आणि किंमतही नाही.

मग करायचं काय? वर्षाचा क्रम सांगतो. घर घेऊन राहायला गेलात की लगेच होमस्टेड एक्झेम्प्शनचा, म्हणजे राहत्या घरावरच्या टॅक्स सवलतीचा अर्ज अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे, फुकट असतो, पैसे मागणारी पत्रं घरी येतात ती सरळ फेकून द्या. ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता त्याच घराचा हवा म्हणून आधी तो बदला. सिटिझन असायची अट नाही, बरेच जण व्हिसावर आहोत म्हणून वर्षानुवर्षं अर्जच करत नाहीत आणि हजारो डॉलर घालवतात. शाळेच्या टॅक्ससाठीची ही सूट २०२३ मध्ये ४०,००० वरून १,००,००० डॉलर झाली आणि नोव्हेंबर २०२५ च्या मतदानात १,४०,०००. शिवाय होमस्टेड लागलं की टॅक्ससाठी धरली जाणारी किंमत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही.

वसंतात नवीन किंमतीची नोटीस येते. पटली नाही तर १५ मे किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, यातलं जे नंतर येईल त्याच्या आत प्रोटेस्ट म्हणजे हरकतीचा अर्ज टाकायचा. आसपास विकल्या गेलेल्या तशाच घरांच्या किमती आणि तुमच्या घरातल्या नादुरुस्तीचे फोटो घेऊन जा, पाया खचलाय, छत जुनं झालंय असं काही असेल तर कॉन्ट्रॅक्टरचं एस्टिमेट न्या, नुसतं महाग वाटतंय म्हणून कुणी ऐकत नाही. आधी साधी चर्चा होते, नाही जमलं तर रिव्ह्यू बोर्डापुढे सुनावणी.

मग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रेट ठरतो आणि हाच टप्पा आपले लोक सोडून देतात. रेट दर १०० डॉलरला इतके सेंट असा असतो, समजा काउंटीचा रेट ४० सेंट आणि सूट जाऊन तुमची किंमत ४,००,००० उरली तर काउंटीचे १,६०० डॉलर, रेट दोन सेंटने वाढला तर ८० डॉलर जास्त. २०१९ च्या कायद्यानंतर रोजच्या कारभारासाठीचं उत्पन्न आधीच्याच मालमत्तांवर साडेतीन टक्क्यांहून जास्त वाढवायचं असेल तर काउंटीला, आपत्तीसारखे अपवाद सोडले तर, मतदान घ्यावं लागतं. रेटच्या सुनावणीला कुणीही जाऊन बोलू शकतं. बिल ऑक्टोबरच्या सुमारास येतं, ३१ जानेवारीपर्यंत भरा, १ फेब्रुवारीला दंड आणि व्याज मिळून ७ टक्के लागतात. पैसे बँकेच्या एस्क्रोतून, म्हणजे कर्जाच्या हप्त्यासोबत बाजूला काढलेल्या खात्यातून जात असतील तरी जानेवारीत एकदा साइटवर भरले गेले का बघा.

गाडीचं रजिस्ट्रेशन आणि टायटलसुद्धा याच ऑफिसात. दुसऱ्या राज्यातून आलात तर ३० दिवसांत गाडी इथे रजिस्टर करायची. लायसन्स मात्र इथे नाही, ते राज्याच्या डीपीएस या खात्याचं काम, आरटीओची दोन्ही कामं एका छताखाली असायची सवय असल्याने लोक इथे हमखास चुकतात. अनेक काउंट्यांत मतदार नोंदणीही टॅक्स असेसरच बघतो, काही ठिकाणी त्यासाठी वेगळा नेमलेला इलेक्शन अॅडमिनिस्ट्रेटर असतो.

काउंटी क्लार्क आणि डिस्ट्रिक्ट क्लार्क

काउंटी क्लार्क म्हणजे साधारण आपला दुय्यम निबंधक आणि विवाह नोंदणी एकत्र. घराचे डीड इथे नोंदतात, स्वतःच्या नावावर छोटा धंदा सुरू करताना, टिफिन, क्लासेस, मेंदी काहीही, त्या धंद्याचं नाव इथे नोंदवायचं. लग्नाचं लायसन्स इथूनच. ते घेतल्यावर ७२ तास थांबावं लागतं आणि ९० दिवसांच्या आत लग्न व्हावं लागतं, म्हणून मुहूर्त शनिवारचा असेल तर शुक्रवारी पळापळ करून उपयोग नाही. लग्न लागल्यावर भटजींनी त्यावर सही करून ३० दिवसांत ते क्लार्ककडे परत जायला हवं. भारतात दाखवायचं सर्टिफिकेट असेल तर सर्टिफाइड कॉपी दोन-तीन काढून ठेवा, मग त्यावर अपोस्टिल राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून ऑस्टिनला होतं, काउंटीत नाही.

डिस्ट्रिक्ट क्लार्क वेगळा, त्याच्याकडे मोठ्या कोर्टांचे कागद, घटस्फोट, कस्टडी वगैरे, बऱ्याच काउंट्यांत पासपोर्टचे अर्जही. ज्युरीचं बोलावणं बहुतेक मोठ्या काउंट्यांत इथूनच येतं. नावं मतदार यादी आणि ड्रायव्हिंग लायसन्स दोन्हीतून उचलतात, म्हणून एच-वन-बी वाल्यांनाही येतं. घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका, सिटिझन नाही हा पर्याय निवडून उत्तर पाठवा. आणि सिटिझन झाल्यावर सुट्टी मिळत नाही म्हणून तोच पर्याय निवडू नका, ती माहिती मतदार नोंदणीवाल्यांकडे जाते.

शेरीफ, कॉन्स्टेबल, जेपी

मुंबईचे शेरीफ म्हणजे एक मानाचं पद, एखाद्या नामवंताला वर्षभरासाठी मिळतं. इथला शेरीफ म्हणजे काउंटीचा मुख्य पोलीस अधिकारी, तोही मतांवर निवडून आलेला. काउंटीचं जेल त्याच्या ताब्यात, सिटीबाहेरची गस्त त्याची. कॉन्स्टेबल म्हटलं की आपल्याला हवालदार आठवतो पण इथे तोही निवडून येतो, आपल्या प्रिसिंक्टचा प्रमुख असतो आणि त्याच्या हाताखाली डेप्युटी असतात. कोर्टाचे समन्स, घर खाली करायचे आदेश तो बजावतो, हॅरिस काउंटीत तर सबडिव्हिजन पैसे भरून त्याची गस्त ठेवतात. सुट्टीवर जाताना घरावर लक्ष ठेवायची विनंती करायची सोय बऱ्याच ठिकाणी असते, भारतात महिनाभर जाताना आधी विचारून बघा. इमर्जन्सीला अर्थात ९११, शेरीफ की कॉन्स्टेबल हा विचार तेव्हा करायचा नाही.

जेपी म्हणजे जस्टिस ऑफ द पीस, हा आपल्यासारख्यांना सगळ्यात उपयोगी पडणारा माणूस आहे असं माझं मत. २०,००० डॉलरपर्यंतचे पैशाचे दावे इथे वकिलाशिवाय चालवता येतात. अपार्टमेंट सोडल्यावर डिपॉझिट अडकलं ही आपल्या मुलांची कायमची रड, तर क्रम असा ठेवा, घर सोडताना व्हिडिओ काढा, नवीन पत्ता लेखी द्या, तिथून ३० दिवस थांबा, मग सर्टिफाइड मेलने मागणीचं पत्र पाठवा, तरी नाही दिलं तर जेपी कोर्टात दावा. माझ्या भाच्याने असंच केलं आणि सुनावणीच्या आधीच अपार्टमेंटवाल्यांचा चेक आला. घर खाली करायच्या केसेसही इथेच, तशी नोटीस आली तर तारखेला हजर राहाच, न गेल्यावर निकाल विरुद्ध जातो. सिटीबाहेर शेरीफने किंवा ट्रूपरने (राज्याच्या हायवे पोलिसाने) दिलेलं स्पीडिंगचं तिकीटही जेपीकडे, सिटी पोलिसाचं मात्र म्युनिसिपल कोर्टात, तिकिटावर लिहिलेलं असतं.

डीए म्हणजे सरकारी वकील, तोही निवडून येतो, गंभीर गुन्ह्यांचे खटले चालवतो. काही ठिकाणी काउंटी अॅटर्नी वेगळा, काही ठिकाणी, उदाहरणार्थ कॉलिन काउंटीत, दोन्ही एकच. तुम्हाला खाजगी सल्ला हे देत नाहीत. पण एक गोष्ट लिहायलाच हवी, घरात मारहाण होत असेल तर प्रोटेक्टिव्ह ऑर्डरचा अर्ज या ऑफिसमार्फत करता येतो, त्याची फी लागत नाही आणि व्हिसा डिपेन्डन्ट असला तरी करता येतो. आपल्या समाजात याबद्दल बोलत नाहीत, म्हणून बायकांनी हे वाक्य लक्षात ठेवा आणि मैत्रिणींना सांगा.

ट्रेझरर काउंटीचे पैसे सांभाळतो, काही काउंट्यांनी हे पद रद्द केलंय, गॅल्व्हस्टनने २०२३ मध्ये. ऑडिटर निवडून येत नाही, त्याला डिस्ट्रिक्ट जज नेमतात, त्यामुळे हिशोब तपासणारा कमिशनरांच्या दबावाखाली नसतो.

मत द्यायचं तर बॅलटच्या शेवटपर्यंत जा

सगळ्यात आधी, सिटिझन नसाल तर मतदार नोंदणी करू नका. लायसन्स काढताना विचारतात, तेव्हा नीट वाचून नाही म्हणा. चुकून जरी सिटिझन असल्याचं लिहिलं गेलं तरी ग्रीन कार्ड आणि पुढचं सगळं धोक्यात येतं.

नवीन सिटिझन झालेल्यांनी फॉर्म भरून सही करून पाठवायचा, निवडणुकीच्या ३० दिवस आधी. फोटो असलेलं नॅचरलायझेशन सर्टिफिकेट मतदानाला ओळखपत्र म्हणून चालतं. शेरीफ आणि टॅक्स असेसर प्रेसिडेंटच्या निवडणुकीच्या वर्षी येतात, काउंटी जज आणि क्लार्क मधल्या वर्षी, म्हणजे आता ३ नोव्हेंबर २०२६ ला. कमिशनर दोन-दोन करून. पण जिथे एकाच पक्षाचा जोर आहे तिथे खरी निवड मार्चच्या प्रायमरीतच, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानातच होऊन जाते, आणि टेक्ससमध्ये पक्षाची नोंदणी लागत नाही, कुठल्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं.

२०२० पासून एक बटण दाबून अख्ख्या पक्षाला मत द्यायची सोय गेली, प्रत्येक पदाला वेगळं मत द्यावं लागतं आणि हॅरिससारख्या काउंटीत नुसत्या जजांचीच यादी संपता संपत नाही. लोक वरची चार नावं करून निघतात आणि कमिशनर, जेपी, कॉन्स्टेबल तसेच राहतात. मतदानाच्या जागी फोन वापरता येत नाही पण कागद चालतो, घरी सॅम्पल बॅलट प्रिंट करून त्यावर खुणा करून न्या.

बैठकीला जायचं असेल तर

यासाठी सिटिझन असायची गरज नाही. कमिशनर्स कोर्टाचा अजेंडा आधी साइटवर लागतो, त्यातला आपल्या कामाचा आयटम नंबर शोधायचा आणि बोलायला नाव नोंदवायचं. अजेंड्यावरच्या विषयावर बोलू देणं २०१९ पासून कायद्याने बंधनकारक आहे, वेळ बहुतेक ठिकाणी तीन मिनिटांच्या आसपास. पहिल्या वाक्यात नाव आणि प्रिसिंक्ट, दुसऱ्यात आयटम नंबर, मग काय हवंय ते, आणि फोटो असतील तर पाच प्रती. कागदपत्रं हवी असतील तर पब्लिक इन्फर्मेशन ॲक्टखाली ईमेलवर मागा, आपल्या माहिती अधिकारासारखंच आहे, फक्त तिथे ३० दिवस आणि इथे साधारण १० कामाच्या दिवसांत कागद तरी द्यायचे, किती वेळ लागेल ते तरी कळवायचं, नाहीतर अॅटर्नी जनरलचं मत मागवायचं. मी आमच्या नाल्याच्या देखभालीचं वेळापत्रक असंच मागवलं होतं, ते आता कॅलेंडरवर आहे आणि एप्रिलमध्ये साफसफाई झाली नाही की मेच्या पहिल्या आठवड्यात माझा फोन जातो.